मिनी फॅलेनॉप्सिस ऑर्किडला दोन वर्षं नुसती पानंच येतायत, घरात फूल कसं आणायचं?

पुण्यातला फ्लॅट, पूर्वेची खिडकी, 3 इंची कुंडी, पानं गडद हिरवीगार, दर रविवारी पाणी, दोनदा खत बदललं आणि तरी फूल नाही, असं तुम्ही लिहिलंय. यातलं 'गडद हिरवीगार' हेच मला खटकतं. फॅलेनॉप्सिसचं पान गडद, लांबट आणि लोळणारं झालं की उजेड कमी पडतोय असं समजा. खताचा यात दोष नाही, तेव्हा तिसरं खत आणू नका.

मोबाइलवर लक्स (उजेडाचं माप) मोजणारं अ‍ॅप घ्या आणि फोन पानाच्या जागी धरा. दिवसाचे बरेच तास 10 ते 15 हजार लक्स मिळायला हवेत. 2-3 हजारांत झाड जगतं, पानंही काढतं, पण फुलण्याइतकी शिल्लक त्याच्याकडे उरत नाही. झाड उचलून थेट खिडकीच्या कट्ट्यावर आणा. कोवळं ऊन चालतं, नऊनंतर पातळ पांढरा पडदा हवा. पान हाताला गरम लागलं तर जागा चुकली. पानाची कड किंचित जांभळट झाली तर घाबरू नका, तिथवर ठीक आहे.

दुसरी गोष्ट गारव्याची, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. फॅलेनॉप्सिसला स्पाइक, म्हणजे फुलाचा दांडा, धरायला साधारण चार-पाच आठवडे गारवा लागतो: दिवसा 25 अंशांच्या आसपास, रात्री 18-20. रात्री गार ठेवलं की झालं असं लोक समजतात, पण दिवसाचा पारा तासन् तास 28-29 च्या वर राहिला तर बहुतेक जाती रात्रीच्या गारव्याला दाद देत नाहीत. म्हणून मुंबई-ठाण्यात रात्रभर एसी लावूनही झाड ढिम्म राहतं. पुण्यात नोव्हेंबर ते जानेवारी घरातला पारा आपोआप या बेतात येतो, ती संधी दवडू नका. त्या दिवसांत रात्री खिडकी थोडी उघडी ठेवा, मात्र बाहेर पारा 14-15 च्या खाली जाणार असेल तर कुंडी आत घ्या. आणि गारवा कितीही मिळाला तरी अशक्त झाड फुलणार नाही. निदान तीन-चार घट्ट पानं हवीत.

आता कुंडीच्या आत बघा. दुकानातून आलेल्या मिनी झाडाच्या मुळांच्या मधोमध बऱ्याचदा स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) घट्ट बोळा असतो. वरचे सालीचे तुकडे कोरडे दिसतात आणि बोळा आत आठवडाभर ओला राहतो. मुळं तिथूनच सडतात. आता फूल नाहीच, तेव्हा कुंडी बदलायला हरकत नाही, फक्त हे काम थंडीआधी दोन-तीन महिने उरका. झाड अर्धा तास पाण्यात ठेवा, बोळा चिमट्याने थोडा थोडा काढा. मूळ दाबून पाहा: घट्ट असेल ते ठेवा, पोकळ आणि तपकिरी असेल ते ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा. 8-10 मिलिमीटरच्या पाइन बार्कचे (पाइनच्या सालीच्या तुकड्यांचे) तीन भाग, लाकडी कोळशाचा एक भाग आणि चिमूटभर मॉस असं मिश्रण पुरतं. बार्कऐवजी नारळाच्या सोडणाचे तुकडे घेतलेत तर दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवा, त्यात क्षार असतात. कुंडी तेवढ्याच मापाची, पारदर्शक. नंतर तीन-चार दिवस पाणी नाही.

'दर रविवारी' हे वेळापत्रक सोडा. एवढीशी कुंडी एप्रिलमध्ये दोन-तीन दिवसांत सुकते आणि पावसाळ्यात सहा दिवस ओली राहते. मुळं चंदेरी दिसली की पाणी, हिरवी असतील तर थांबा. द्यायचं तेव्हा सकाळी, खालून धार लागेपर्यंत. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी राहिलं तर लगेच टिपून घ्या. तिथे कूज लागली की झाडाचा शेंडाच जातो. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर मुळांवर पांढरा थर चढतो. पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी वापरा. खत साधं 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान) चालेल, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांना. चौथ्या आठवड्याला नुसतं पाणी.

डिसेंबरात वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या बगलेतून टोक डोकावलं तर लगेच नाचू नका, ते मूळही असू शकतं. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, चकचकीत असतं. स्पाइकचं टोक चपटं, एका बाजूला खाच असलेलं, अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकत्र असलेल्या हातमोज्यासारखं. ते वर वळतं. स्पाइक दिसल्यापासून फुलापर्यंत दोन-तीन महिने जातात. त्या काळात कुंडी फिरवू नका, नाहीतर कळ्या प्रत्येक वेळी उजेडाकडे मान वळवतात आणि रांग वेडीवाकडी होते.

कळ्या पिवळ्या पडून गळल्या तर आधी जवळ पिकती केळी-आंबे आहेत का बघा, त्यांच्यातून निघणारा इथिलीन वायू कळ्या मारतो. दुसरं कारण कोरडी पडलेली कुंडी, तिसरं एसीचा थेट झोत. कळीच्या देठापाशी पांढरा कापसासारखा पुंजका म्हणजे पिठ्या ढेकूण. इअरबड 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवून पुसून काढा आणि आठवड्याने पुन्हा पुसा.

फुलं संपल्यावर दांडा हिरवा असेल तर ठेवा. बऱ्याच मिनी संकरांत फिलिपिन्स-तैवानकडच्या फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिसचं रक्त असतं, आणि ती जात जुन्या दांड्यावर पुन्हा कळ्या किंवा पिल्लं (छोटी रोपं) काढते. पिल्लाला दोन-तीन मुळं दीड-दोन इंचांची झाली की वेगळं करा. पानं मात्र सुरकुतली असतील तर दांडा बुडापासून कापा आणि झाडाला पुढच्या नोव्हेंबरपर्यंत पानं वाढवू द्या.