सहीच्या आधी

प्रिय बाळा,

रविवारी तू आलास, चहा गार होईपर्यंत बोलत राहिलास आणि निघताना चपला घालता घालता विचारलंस, "मावशी, मी रॅप करणारा, सिरियल केली तर पोरं सेलआऊट, पैशाला विकला गेलेला, म्हणतील का?" मी तेव्हा गप्प बसले. तुझ्या मोबाइलवर त्या सिरियलच्या कराराची चौदा पानांची पीडीएफ मी पाहिली होती, आणि तू दुसऱ्या पानाच्या पुढे गेलेला नव्हतास हेही पाहिलं होतं. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले.

पोरं काय म्हणतील हा प्रश्नच मला महत्त्वाचा वाटत नाही. कागद वाचलास का, हा माझा प्रश्न आहे.

तुझ्या खोलीत भिंतीवर आईस क्यूबचा, त्या अमेरिकन रॅपरचा, फोटो आहे म्हणालास. मग त्याच्याबद्दलच बोलू. तुला त्याचा आवाज पाठ आहे, तो कपाळाला आठ्या घालून कसा उभा राहतो तेही पाठ आहे. पण 1989 साली तो काय वागला ते पाठ कर. वय वीस. लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रलमधला ओशे जॅक्सन, एन.डब्ल्यू.ए. या त्याच्या रॅप गटाच्या गाण्यांतले कितीतरी शब्द याच्या वहीतले. त्यांचा अल्बम देशभर गाजत होता, दौरा चालू होता. आणि फिनिक्स शहरात त्याच्यापुढे करार ठेवला गेला. सही कर आणि पंच्याहत्तर हजार डॉलरचा चेक घे. विचार कर, वीस वर्षांच्या पोरापुढे ठेवलेले पंच्याहत्तर हजार डॉलर! तो म्हणाला, माझा वकील बघेपर्यंत सही नाही. बाकीच्यांनी सह्या केल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस तो गटातून बाहेर पडला, आणि 1990 मध्ये न्यूयॉर्कच्या बॉम्ब स्क्वॉड या संगीत-निर्मात्यांबरोबर स्वतःचा अल्बम घेऊन उभा राहिला.

त्याच फिनिक्समध्ये त्याच्या दोन वर्षं आधी तो आर्किटेक्चरल ड्राफ्टिंग शिकायला गेला होता. पहिली गाणी बाजारात आल्यावरसुद्धा घर सोडून तिकडे गेला आणि वर्षभराचा कोर्स पुरा करून आला. नकाशा काढणाऱ्याला प्रत्येक रेघ कुठून सुरू होते आणि कुठे थांबते ते बघायची सवय लागते. ती सवय त्याला चेकसमोर उपयोगी पडली असं मी धरून चालते. याला पुरावा नाही, माझी समजूत आहे.

तू म्हणशील, मावशी, त्याचं वेगळं, तो मोठा होता. तेव्हा नव्हता रे. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

आता माझं ऐक. 1996 साल. दादरच्या एका ऑफिसात मी एका मालिकेचं शीर्षकगीत दिलं. दोन कडवी, अडीच हजार रुपये. एकच पान होतं, इंग्रजीत. मुलगा तापाने फणफणलेला, मला संध्याकाळची लोकल गाठायची होती. समोरच्या माणसाने पेनचं टोपण काढून पेन हातात दिलं. टोपणसुद्धा मला काढावं लागलं नाही. मी सही केली. गाणं चार वर्षं रोज साडेसातला घराघरांत वाजलं. तिसऱ्या महिन्यात नावांच्या पाटीतून माझं नाव गेलं. विचारायला गेले तर त्यांनी कागद दाखवला. तिथे उभी राहून मी तो पहिल्यांदा वाचला: कायमस्वरूपी, सर्व माध्यमांतून, आज असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या. 2008 मध्ये ठाण्याला गाडीत माझ्या शेजारच्या बाईचा फोन वाजला, तीच धून, तेच माझे शब्द. तिने फोन कापला आणि खिडकीबाहेर बघू लागली. मी तिला काय सांगणार होते?

कागद वाच, बाळा.

आणि अभिनयाबद्दलचं तुझं ते भय. क्यूबला सिनेमात आणलं जॉन सिंगलटनने, नुकताच फिल्म स्कूलमधून बाहेर पडलेल्या पोराने. 'बॉइझ एन द हूड' हे सिनेमाचं नावसुद्धा क्यूबनेच लिहिलेल्या गाण्यावरून घेतलेलं. तरी पहिल्या ऑडिशनला क्यूब पटकथा न वाचता गेला आणि पार फसला. सिंगलटनने त्याला सांगितलं, घरी जा, वाच, मग ये. करार वाचायचा आग्रह धरणारा माणूसही इथे न वाचता गेला होता! मग वाचून आला. 1991 मध्ये तो सिनेमा लागला. शेवटी डोबॉय, म्हणजे क्यूबने केलेलं पात्र, सकाळी मित्राच्या घरासमोरच्या पायरीवर येऊन बसतो. भाऊ गेलेला आहे, सूडही घेऊन झालेला आहे. हातातल्या बाटलीतलं उरलेलं तो जमिनीवर ओततो आणि रस्ता ओलांडून चालायला लागतो. आवाज चढवत नाही. चालता चालता पडद्यावरून विरून जातो. रॅपर अभिनय करतोय असं तिथे वाटतच नाही. ज्याने तो रस्ता शब्दांत आधीच लिहून ठेवला होता, तोच तिथून चालला. तुझ्या आईच्या पोळपाटावरचं जे कडवं तू मला ऐकवलंस, ते लिहिणाऱ्याला कॅमेऱ्यापुढे उभं राहायची भीती कशाला?

सिंगलटनने त्याला आणखी एक सांगितलं होतं: तू गाणं लिहू शकतोस तर सिनेमाही लिहू शकतोस. क्यूब बसला आणि लिहायला लागला. डीजे पूहबरोबर त्याने 'फ्रायडे' लिहिला. त्यांच्या वस्तीवरच्या सिनेमांत नुसत्या गोळ्या आणि प्रेतं दिसत होती, आणि त्याला त्याच गल्लीतलं हसणंही आठवत होतं. दिग्दर्शक घेतला एफ. गॅरी ग्रे, त्याच्याच गाण्याचा व्हिडिओ केलेला. वीस दिवसांत चित्रीकरण, साधारण पस्तीस लाख डॉलर खर्च, 1995 मध्ये पडद्यावर. आणि नीट बघ, लिहिणारा तो, निर्माता तो, नायक तो, तरी हशे मिळवायची सगळी जागा क्रिस टकर या विनोदी नटाला दिलेली आहे. स्वतः ओसरीवर बसून नुसता बघतो. ज्याचा शब्दांवर ताबा असतो त्याला दुसऱ्याला जागा देता येते.

पुढे तो कुटुंबाने बसून बघायचे विनोदी सिनेमे करू लागला तेव्हा जुने चाहते नाराज झाले. मला त्यात काहीच गैर वाटत नाही. पण तोही पूर्ण सुटला नाही हे तुला सांगायलाच हवं. 'फ्रायडे'चे हक्क स्टुडिओकडे. त्यामुळे चौथा भाग वर्षानुवर्षं अडकून पडला, आणि ज्याने ती माणसं लिहिली त्यालाच परवानगी मागत बसावं लागलं. वकील बघेपर्यंत सही न करणाऱ्याची ही गत. न वाचता करणाऱ्याची काय होईल?

2011 साली एका मराठी सिनेमाची चार गाणी मी नाकारली, कारण नाव आणि हक्क यांबद्दल कागदावर एक ओळ घाला म्हटलं तर ते घालेनात. गाणी गाजली, दुसऱ्याच्या नावाने. तुझे काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, घराचे हप्ते चालू होते ना. लोक म्हणाले बाईचं डोकं फिरलंय. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पुढच्याच वर्षी कायदा बदलला, जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी जीव तोडून बोलून. सिनेमासाठी लिहिलेल्या गीताचा थिएटरातल्या खेळांपलीकडे जो वापर होतो, त्याच्या रॉयल्टीतला लेखकाचा वाटा आता कुणी लिहून घेतला तरी त्याच्याकडून जात नाही. तो वारसाला देता येतो, नाहीतर वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला, बस. म्हणजे मी जे मागत होते ते मागण्यासारखंच होतं. हे मी तुला का सांगतेय? सांगायला दुसरं कुणी नाही म्हणूनही असेल.

पण कायदा आहे म्हणून निवांत राहू नकोस. तुझ्या पीडीएफमध्ये अभिनय आणि गाणी एकाच करारात गुंडाळलेली असणार, आणि आधी लिहिलेल्या गाण्यांचाही उल्लेख कुठेतरी असेल. 'यापूर्वीचे साहित्य' असे शब्द दिसले की थांब. तुझी जुनी चौदा गाणी त्या एका ओळीत जातील. रायटर्स असोसिएशनचा, म्हणजे लेखक-गीतकारांच्या संघटनेचा, सभासद हो आणि गीतं तिथे नोंदवून ठेव, या आठवड्यातच. आळस करू नकोस, मला राग येतो.

सिरियल कर. मनापासून कर. आईला दोन पैसे मिळू देत, तिचे हात दुखतात हे तूच लिहिलंयस.

गुरुवारी संध्याकाळी ये. चौदा पानांची प्रिंट काढून आण, एका बाजूलाच छापलेली, म्हणजे मागे लिहिता येईल. पेन आणू नकोस, माझ्याकडे पेन्सिली आहेत. जेवायलाच थांब, पिठलं करते.

तुझी,
मावशी