सोसण्याची सवय आणि सिकलसेलच्या कळा

प्रश्न : माझी सून मूळची चंद्रपूरची असून तिला सिकलसेल आहे. यंदा हरतालिकेला तिने निर्जळी उपवास केला आणि दुसऱ्या दिवशी पाय व कंबर इतकी दुखू लागली की दवाखान्यात दाखल करावे लागले. एरवी कळा येत असल्या तरी ती भिंतीकडे तोंड करून मोबाइल पाहत पडून राहते. त्यामुळे नातेवाईक म्हणतात, 'हिला काही दुखतबिखत नाही.' मी काय करावे?
— एक सासू, कोल्हापूर

उत्तर : सुनेच्या दुखण्यावर विश्वास ठेवून आपण हे विचारलेत, याचा मला मनापासून आनंद वाटला. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून ताठर होतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे प्राणवायू पोहोचेनासा झाला की हाडांत कळा उठतात, पण बाहेरून बहुधा काहीच दिसत नाही. विदर्भात किंवा नंदुरबारकडे हे दुखणे अनेक घरांनी जवळून पाहिलेले असते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा भरही आदिवासीबहुल भागांवर आहे. आपल्याकडे मात्र 'जो कण्हतो त्यालाच दुखते' असा समज असतो. मोबाइल पाहणे म्हणजे दुखत नसणे नव्हे. वर्षानुवर्षे वेदना भोगणारी माणसे मन असेच दुसरीकडे गुंतवतात.

मला अधिक काळजी वाटते ती तिच्या गप्प राहण्याची. 'बाईने सोसावे' हे लहानपणापासून कानावर पडलेली मुलगी सासरी तर अधिकच उशिरा बोलते, आणि तोवर औषधाची वेळ टळलेली असते. तिचा उपवासही त्याच सोसण्यातला. शरीरातले पाणी कमी झाले की पेशी अधिक वाकतात आणि गारठ्यानेही कळा उठू शकतात, म्हणून निर्जळी उपवास किंवा कार्तिकात पहाटे पंचगंगेवरचे स्नान तिच्यासाठी नाही. श्रद्धा सोडण्याचे मात्र कारण नाही. अंबाबाईपुढे बसून तिचे मन शांत होत असेल, तर वेदना सहन करायला त्या शांततेचा खरोखर आधार होतो. 'पाणी प्यायले तरी देवीला चालते' हे डॉक्टरांनी सांगून घर ऐकणार नाही, सासूने सांगितले तर ऐकेल. पुढच्या हरतालिकेला पाण्याचा तांब्या आपणच तिच्या हाती द्यावा.

कळा आल्या की 'दहापैकी किती दुखते?' एवढेच विचारावे, दुखणारा भाग गरम पिशवीने शेकावा आणि बर्फ लावू नये. ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे दिसताच तडक दवाखाना गाठावा. आपल्या मुलाचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, रक्तही एकदा तपासून घ्यावे, कारण तो वाहक (स्वतःला आजार नसला तरी त्याचे एक जनुक बाळगणारा) निघाल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता ५० टक्के असते.