दहा मेगाहर्ट्झ म्हणजे नक्की किती? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार. माझ्या जुन्या फ्रिक्वेन्सी काउंटरला (फ्रिक्वेन्सी मोजायच्या यंत्राला) बाहेरून १० मेगाहर्ट्झचा रेफरन्स, म्हणजे तुलनेसाठीचा अचूक सिग्नल, द्यायची सोय आहे. यू-ब्लॉक्स कंपनीचं एक साधं जीपीएस मॉड्यूल घेतलं, त्याची ठरावीक वेळाने पल्स देणारी टाइमपल्स पिन १० मेगाहर्ट्झवर सेट केली आणि थेट काउंटरला जोडली. पण रीडिंगचे शेवटचे आकडे सारखे नाचतात. स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) बघितलं तर पल्सच्या कडा थरथरतायत. जीपीएस तर अणुघड्याळाइतकं अचूक म्हणतात ना, मग हे काय? मॉड्यूल खराब आहे का?

उत्तर : मॉड्यूल अगदी ठणठणीत असणार, काळजी करू नका. या मॉड्यूलच्या आत साधारण ४८ मेगाहर्ट्झचं स्वतःचं घड्याळ असतं आणि बाहेर येणारी प्रत्येक पल्स त्याच्याच टिकवर, म्हणजे ठोक्यावर, उमटते. आता ४८ ला १० ने भागा, ४.८ येतात, आणि ४.८ टिक असं काही करता येत नाही म्हणून ते कधी चार टिकांनी, कधी पाच टिकांनी पल्स सोडतं. सेकंदभराची बेरीज बरोबर येते पण एकेक कड २१ नॅनोसेकंदांनी मागेपुढे उडी मारते, तीच थरथर तुम्हाला स्कोपवर दिसतेय. एक गंमत करून बघा, तीच पिन ८ मेगाहर्ट्झवर सेट करा, ४८ भागिले ८ पूर्ण ६ येतात आणि कडा एकदम शांत होतात. (तरी मधूनच एखादी टिक कमी-जास्त होतेच, कारण आतलं घड्याळ मूळचं स्वस्तातलं आणि ते उपग्रहांशी जुळवून घेत असतं.)

पण खरा मुद्दा पुढेच आहे. जीपीएस अचूक आहे हे खरं, पण किती वेळात अचूक हे विचारायला हवं. सेकंदाला एक येणारी पल्स समजा २० नॅनोसेकंद इकडेतिकडे होत असेल तर एका सेकंदाच्या मोजमापात ती २० पीपीबीची (अब्जात २० भागांची) चूक, म्हणजे साध्या बऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलपेक्षाही वाईट. हजार सेकंद थांबलात तर तीच २० नॅनोसेकंदं हजारावर पसरतात, चूक ०.०२ पीपीबी. दिवसभर थांबलात तर आणखी शंभरेक पटीने कमी. ओव्हनमध्ये एकाच तापमानाला ठेवलेल्या क्रिस्टल ऑसिलेटरचं, म्हणजे ओसीएक्सओचं, नेमकं उलटं. एका सेकंदात तो ०.०१ पीपीबी इतका स्थिर राहू शकतो पण वय होतं तसा सरकत जातो आणि रोज अर्धा-एक पीपीबी सहज सरकतो. म्हणून दोघांचं लग्न लावायचं, जवळचा वेळ क्रिस्टलने सांभाळायचा आणि लांबचा जीपीएसने, यालाच जीपीएसडीओ (जीपीएसच्या शिस्तीत चालणारा ऑसिलेटर) म्हणतात.

आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. क्रिस्टलला जीपीएसशी जुळवत राहणाऱ्या लूपचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे तो किती वेळाच्या सरासरीवर चालतो ते, दहा-वीस सेकंद ठेवतात, लॉकचा (दोघं जुळल्याचा) दिवा पटकन लागतो, बरं वाटतं, पण त्या सेटिंगमध्ये जीपीएसची सगळी थरथर तुम्ही चांगल्या क्रिस्टलमध्ये ओतत असता. वरच्याच आकड्यांनी हिशोब केला तर २० भागिले ०.०१, म्हणजे साधारण २००० सेकंदांपाशी दोघांची बरोबरी होते, तिथल्या आसपास टाइम कॉन्स्टंट ठेवा. क्रिस्टल साधा असेल तर थोडा कमी. लॉक व्हायला वेळ लागेल, लागू दे.

प्रश्न : ओसीएक्सओ वापरायच्या वेळी चालू केला तर चालेल का? त्याची फ्रिक्वेन्सी किंचित हलवणारं ट्यूनिंगचं व्होल्टेज किती स्थिर लागतं?

उत्तर : बंदच करू नका. ओव्हन ७०-८० अंशांवर पोचायला काही मिनिटं लागतात, सुरुवातीला करंट भरपूर ओढतो, मग एकदम खाली येतो आणि आपल्याला वाटतं झालं तयार. पण शेवटचे आकडे बसायला दिवस लागतात, आणि बंद करून परत लावलात की तो आधीच्याच जागी येईल याची खात्री नाही.

व्होल्टेजचं म्हणाल तर समजा ट्यूनिंगची रेंज ५ व्होल्टमध्ये २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग) आहे, तर एक मिलिव्होल्ट हलला की ०.४ पीपीबी गेले. हे व्होल्टेज देणाऱ्या सोळा बिटांच्या डॅकची (आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या चिपची) एक पायरी ७६ मायक्रोव्होल्टची, म्हणजे ०.०३ पीपीबी. सगळी मेहनत डॅकचा रेफरन्स आणि ग्राउंडची वायर यातच आहे, प्रोग्रॅममध्ये नाही! वारा लागू देऊ नका, पंख्याच्या झोतात तर अजिबात नको. आणि चालू असलेला ओसीएक्सओ हातात घेऊन सावकाश उलटा करून बघा, फ्रिक्वेन्सी पीपीबीच्या घरात सरकलेली दिसेल. गुरुत्वाकर्षणाने क्रिस्टलवर पडणारा ताण बदलतो, बाकी काही नाही. मला हा प्रयोग फार आवडतो, प्रत्येकाने एकदा तरी करावा.

प्रश्न : ओसीएक्सओऐवजी रुबिडियम ऑसिलेटर (छोटं अणुघड्याळ) घेऊ का? अँटेना खिडकीतच ठेवावी लागते.

उत्तर : खिडकीतून अर्धंच आकाश दिसत असेल आणि लॉक वारंवार सुटत असेल तर रुबिडियमला अर्थ आहे, कारण जीपीएस गेलं तरी तो कितीतरी वेळ जागेवर राहतो. त्याचा आधार रुबिडियम अणूची ६.८३४ गिगाहर्ट्झची ठरलेली फ्रिक्वेन्सी. पण मोबाइल टॉवरमधून काढलेले जुने नग गरम होतात, आतला दिवा वापराने थकतो, आणि एका सेकंदाच्या मोजमापात चांगला ओसीएक्सओ त्यांच्यापेक्षा सरस ठरतो. आधी टायमिंगसाठीचा रिसीव्हर घ्या, अँटेनाची जागा त्याला दिवसभर मोजू द्या आणि मग ती पक्की करून टाका, त्यानंतर एक उपग्रह दिसला तरी त्याचं भागतं. केबल लांब झाली म्हणून घाबरू नका, तो उशीर कायम तेवढाच राहतो, फ्रिक्वेन्सीला त्याने फरक पडत नाही.

प्रश्न : हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, एवढ्या अचूकतेची गरज असते का?

उत्तर : ७ मेगाहर्ट्झवर बोलायला नाही, एक पीपीएम म्हणजे तिथे ७ हर्ट्झ. पण हॅम लोकांसाठीचा क्यूओ-१०० उपग्रह १०.४८९ गिगाहर्ट्झवर ऐकताना तोच एक पीपीएम १० किलोहर्ट्झपेक्षा जास्त होतो, आणि एसएसबीचा (हॅम ज्या पद्धतीने बोलतात त्या सिंगल साइडबँडचा) आवाज जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंद, म्हणजे शेजारच्या तिघांना ओलांडून तुम्ही भलतीकडेच जाता.

प्रश्न : माझा जीपीएसडीओ बरोबर आहे हे कसं कळणार?

उत्तर : स्कोपच्या एका चॅनेलवर तो लावा, त्यावरच ट्रिगर करा, दुसऱ्यावर मित्राचा जीपीएसडीओ. १० मेगाहर्ट्झची एक लाट १०० नॅनोसेकंदांची, ती १०० सेकंदांत एक पूर्ण लाट सरकली तर दोघांत एक पीपीबीचा फरक, १००० सेकंद लागले तर ०.१ पीपीबी. आपापल्या लूपमुळे थोडं पुढेमागे होईल, पण एकाच दिशेला सरकत राहायला नको. सरकली तर चूक कुणाची हे दोघांवरून कळत नाही, त्यासाठी तिसरा ऑसिलेटर मागून आणा आणि तिन्हींच्या जोड्या लावून बघा.