सईला, मधल्या नावाबद्दल

सई बाळा,

संध्याकाळी तू विचारलंस आणि मी चहाचं आधण ठेवायला उठलो. चहा मला नको होता. तुलाही ते कळलं असणार, कारण तू परत विचारलं नाहीस.

इर्दच्या, म्हणजे इथल्या वेल्श मुलांच्या संघटनेच्या, आयस्टेदवॉदसाठी, त्या गाण्या-कवितांच्या स्पर्धेसाठी, तुझं नाव द्यायचं होतं. कविता म्हणायला स्टेजवर जाताना पूर्ण नाव काय पुकारायचं, ते कागदावर लिहायचं. मी सवयीनं सांगत गेलो, तू लिहीत गेलीस. आधी सई, मग माझं नाव, मग आडनाव. मधल्या शब्दापाशी तुझं पेन थांबलं. "बाबा, माझ्या नावाच्या मधोमध तू कशाला? मला पोटात तर आईनं वाढवलं. ती कुठेय?" मी म्हटलं, आपल्यात तशी पद्धत आहे. तू खिडकीतून समोरच्या कुरणाकडे बघितलंस आणि म्हणालीस, "म्हणजे मेंढ्यांच्या कानाला खूण करतात, तसं?"

तुझ्या मनात वाकडं काही नव्हतं, हे मला माहीत आहे. दोन आठवड्यांपूर्वीच तू तुझ्या मैत्रिणीच्या शेतावर कोकरं बघायला गेली होतीस. तिच्या टाइडनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, तुला दाखवलं होतं की प्रत्येक शेताचा काप वेगळा असतो. कुणाचा कानाच्या टोकाला, कुणाचा कडेला, त्यामुळे आरानच्या डोंगरावर मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या बरोबर आपापल्या घरी येतात. रात्री जेवताना ते तू किती आनंदानं सांगत होतीस. तेच आज माझ्यापाशी आलं आणि मला लागलं.

साडेअकरा झालेत. बाहेर पाऊस आहे, तू झोपली आहेस. बोलताना मला हे नीट जमणार नाही म्हणून लिहितोय. अक्षरं जुळवत वाच, अडलं तर आईला विचार.

"पद्धत आहे" हे काही उत्तर नव्हे. मी लहान असताना मला हेच ऐकवायचे आणि मी चिडायचो.

आमच्या गावच्या शाळेत एक खोड होती. वाई तालुक्यातच नव्हे, मला वाटतं सगळ्या महाराष्ट्रात असेल. पोरं एकमेकांना बापाच्या नावानं हाक मारायची. मला कुणी माझ्या नावानं बोलावत नसे. मी "वसंत्या". कुणी "ए शंकऱ्या", कुणी "पांडुरंगा". हजेरीत गुरुजी पूर्ण नाव घ्यायचे, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचे बाप पाठ. आणि ते चिडवणं फार झोंबायचं. मला शिवी दिलेली चालायची, पण आजोबांचं नाव असं धुळीत लोळवलेलं चालायचं नाही. चौथीत मी एका पोराच्या दंडाला कडकडून चावलो. दोघांनाही मधल्या सुट्टीभर उन्हात उभं केलं.

घरी येऊन मी आजोबांना सांगितलं, माझ्या नावातून तुमचं नाव काढून टाका. ते नुकतेच ड्युटीवरून आले होते. खाकी सदरा खुंटीला, तिकिटांची पेटी खाटेवर, बोटांना चिल्लरीचा तो काळपट रंग. ते पाय धुत होते. तांब्या तसाच हातात धरून म्हणाले, "माझ्या नावानं कुणी हाक मारली तर ओ द्यायची. मी काय चोर आहे का?"

एवढंच बोलले. समजावणं बिमजावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

ते गेले तेव्हा तू दीड वर्षाची होतीस. मी एकटाच गेलो होतो, तिकीट मिळेल तसं. चौदाव्याचं सगळं उरकून परत निघताना सातारच्या स्टँडवर बॅग घेऊन उभा होतो. मागून कुणीतरी ओरडलं, "ए वसंत्या!" बाळा, एक क्षणभर मला वाटलं, कुणीतरी आजोबांनाच हाक मारतंय. ते इथेच कुठेतरी गाडीच्या दारात उभे असणार. मी वळलो. तो वर्गातला मित्र होता, केस पिकलेले. त्याला बातमी कळलीच नव्हती. मी म्हटलं, "ओ."

त्या दिवशी ते नाव मला पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. आज तुझ्या नावात माझं नाव सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं. मेंढीचा कान नव्हता.

पण मी फक्त ही गोष्ट सांगून थांबलो तर ते खरं होणार नाही. दुसरी गोष्ट आजीची आहे.

मी सहा-सात वर्षांचा असेन. भाऊबीजेला मामा आले. दारातूनच त्यांनी हाक मारली, "सुले!" आणि आजी चुलीपुढून अशी उठली, की मी तिला कधी तसं उठताना पाहिलं नव्हतं. एखादी मुलगी पळत जाते तशी. मी विचारलं, सुली कोण? सगळे हसले. मला घाबरायला झालं होतं. आपल्या आईचं आपल्याला माहीत नसलेलं एक नाव आहे, आणि त्या नावाची बाई आपली आई नाही, कुणीतरी दुसरीच आहे, असं काहीतरी वाटलं.

लग्नानंतर सासरी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवऱ्यानं नवं नाव लिहायचं, अशी रीत. आजीची सुलभा गेली आणि मंगल आली. मधे तिच्या वडिलांचं नाव होतं, तिथे आजोबांचं आलं. आडनावही बदललं. म्हणजे बघ, तिच्या नावातले तीनच्या तीन शब्द एका दुपारी पुसले गेले. त्या तांदळाचा पुढे भात केला असेल, आणि तोही तिनंच.

मी तिला एकदा विचारलं होतं, तुला वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, सगळ्यांचंच तसं व्हायचं. मग थोड्या वेळानं, भांडी घासता घासता, "नवीन नावानं हाक मारली की पहिलं वर्षभर मला ऐकूच यायचं नाही रे."

म्हणून तू "आई कुठेय" म्हणालीस तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या लग्नातही आजीनं ताट पुढे केलं होतं. मी अंगठी घेऊन आईकडे बघितलं. तिनं हळूच सांगितलं, "मेघनाच लिही." मी तेच लिहिलं. आजी काही बोलली नाही, पण ते ताट तिनं नंतर बराच वेळ हातात धरून ठेवलं होतं. आईचं नाव आजही तिचंच आहे, आणि तिच्या पासपोर्टवर मधे तुझ्या पुण्याच्या आजोबांचं नाव आहे. म्हणजे तिच्याही नावात तिची आई नाही. हे मला आज, तू विचारल्यावर, पहिल्यांदा दिसलं.

आता तुझ्या ओळखीचं काहीतरी सांगतो.

मी बाला गावात औषधाच्या दुकानात कामाला लागलो तेव्हा पहिल्या आठवड्यात माझी फार धांदल उडाली. औषधाची पिशवी हातात घेऊन "मिसेस जोन्स" म्हटलं की बाकावरच्या तिघी उठायच्या. रॉबर्ट्स तेवढेच, एडवर्ड्स तेवढेच. शेवटी माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंनी शिकवलं की आडनाव सोड, शेत विचार. मग मला कळलं की इथे माणूस घराच्या नावानं चालतो. टपाल त्या नावानं येतं, फोनवर लोक ते नाव सांगतात, आणि आपल्या चॅपलशेजारच्या थडग्यांवरसुद्धा नावाखाली शेताचं नाव कोरलेलं असतं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपल्या आडनावाच्या शेवटी "कर" आहे, म्हणजे आपणही कुठल्याशा गावाचे. त्या गावात आपलं कुणी राहत नाही. मी ते एकदाच पाहिलंय, गाडीच्या खिडकीतून.

एक आजीबाई दुकानात येतात. पत्ता बालाचा आहे, पण सगळे त्यांना ज्या शेताच्या नावानं ओळखतात ते शेत पाण्याखाली आहे. त्या लहान असताना कपेल केलिन गाव उठवलं. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं, लंडनच्या पार्लमेंटनं १९५७ साली कायदा केला, वेल्सच्या एकाही खासदारानं त्याच्या बाजूनं मत दिलं नाही, तरी १९६५ साली तलाव झाला. शाळा, चॅपल, पोस्ट, शेतं, सगळं आत. आपण दर उन्हाळ्यात त्या तलावावरून जातो. घर नाही, वाट नाही, पण नाव मात्र त्या बाईंपाशी आहे. आजोबा सांगायचे, त्यांच्या गाडीत कोयनेच्या धरणात गाव गेलेली माणसं बसायची. गाव कुठलं विचारलं की तेच नाव सांगायची, जिथे एसटी आता जाऊ शकत नाही.

आणि गावाच्या तोंडाशी ते दोन पुतळे आहेत ना, बाप आणि मुलगा. मुलगा म्हणजे इवान अब ओवेन एडवर्ड्स, ज्यांनी १९२२ साली तुझी इर्द सुरू केली. त्यांचं नाव मोठ्यानं म्हणून बघ. इवान, ओवेनचा मुलगा, एडवर्ड्स. आपल्यासारखंच आहे, मधे बाप! इथे पूर्वी सगळ्यांचीच नावं अशी होती. मुलाला "अब" किंवा "अप", मुलीला "वेर्ख". १५३६ नंतर इंग्लंडचा कायदा इथे लागू झाला, कोर्टकचेरीत कायमचं आडनाव लागायला लागलं, आणि हळूहळू अप ह्रीसचा प्राइस झाला, अप ह्यूचा प्यू. जे चिकटून राहिलं ते अर्धं "प" एवढंच. वेर्खचं तर तेवढंही राहिलं नाही.

त्या थोरल्या पुतळ्याला, ओवेन एडवर्ड्सना, लहानपणी याच गावच्या शाळेत वेल्श बोलल्याबद्दल गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवला होता. तुला शाळेत शिकवलंय ते. खूण म्हटली की मला ती आठवते. मालकी दाखवायची खूण, लाज वाटायला लावायची खूण. मी तुला दिलेलं नाव तसलं नाही, असं मला ठामपणे म्हणायचं होतं. पण आजीची आठवण आली की माझा आवाज बारीक होतो.

तू पहिल्यांदा इथल्या म्हाताऱ्या बायकांना भेटलीस तेव्हा तीन वर्षांची होतीस. टी३ बसमध्ये एकीनं तुझी हनुवटी धरून विचारलं होतं, तू कुणाची गं? वेल्शमध्येच विचारलं. मला तेव्हा भाषा येत नव्हती, पण सूर इतका ओळखीचा होता की मला कळलं. आमच्या गावात पारावरची प्रत्येक म्हातारी पोरांना हेच विचारायची. "कुणाचं रं तू?" त्यात हक्क नसायचा. पोर हरवलं तर कुणाच्या दारात नेऊन सोडायचं, एवढंच त्यांना माहीत करून घ्यायचं असायचं. आजीला आपल्या इथल्या, वेल्समधल्या गावाचं नाव कधी पूर्ण म्हणता आलं नाही, ती "ल्हान" एवढंच म्हणायची. पण त्या "ल्ह"वर तिची जीभ तुझ्या शिक्षिकेइतकीच बरोबर पडायची, आठवतंय? कोल्ह्यातला ल्ह.

आत्याच्या नातवाचा जन्म २०२४च्या जूनमधला. त्याच्या दाखल्यावर नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी सरकारनं तसंच लिहायचं ठरवलंय. आत्या म्हणाली, नाव फार लांब होतं रे. पण फोनवर तिनं ते मला तीनदा म्हणून दाखवलं.

पासपोर्टवरचं नाव तूर्त आहे तसं राहू दे. मोठी झालीस की तुझं तू ठरव, माझी परवानगी लागणार नाही. नकोच म्हणालीस तर मला वाईट वाटेल, ते लपवत नाही. पण ते माझं मी बघेन. आयस्टेदवॉदच्या कागदाला मात्र पासपोर्ट लागत नाही. तिथे आपण सांगू तेच पुकारतात.

तू लिहिलेलं मी खोडलेलं नाही. त्याच कागदाच्या मागे, पेन्सिलनं, मी तीन-चार प्रकारे लिहून बघितलं. सई मेघना. सई वेर्ख मेघना. सई मेघना आणि मग मी. एकदा नुसतंच सई. मोठ्यानं म्हणूनही बघितलं, हळू, तुम्ही दोघी उठणार नाही असं. सई वेर्ख मेघना म्हणताना मला आजीची आठवण झाली, का ते माहीत नाही. तिथेच खाली मी सुलभाही लिहिलंय. ते तुझ्यासाठी नाही, मला एकदा कुठेतरी लिहिलेलं बघायचं होतं.

कागद शुक्रवारी द्यायचाय. खोडरबर फ्रीजवरच्या डब्यात आहे.

तुझा,
बाबा