१८-५५ किट लेन्सने फोटो शार्प येत नाहीत. लेन्स बदलू का?

तुम्ही विचारलंय की कॅनन १५००डी कॅमेरा घेऊन आठ महिने झाले, सोबत आलेल्या १८-५५ लेन्सनेच फोटो काढता, आणि घरचे म्हणतात मोबाईलवर यापेक्षा बरे येतात. तर आता ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स घ्यावी का?

घ्या, पण आत्ताच नको. मी अशीच घाई केली होती. मामेबहिणीच्या साखरपुड्यात काढलेले दीडशे फोटो घरी येऊन बघितले तर शंभर हललेले. खापर किट लेन्सवर फोडलं आणि हळदीच्या आधी ५० मिमी घेऊन आलो. हळदीत सगळे फोटो एफ/१.८ वर काढले, कारण पैसे त्याचेच मोजले होते. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. दीड मीटरवरून एवढ्या उघड्या अ‍ॅपर्चरला जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा शार्प असतो. नवरीच्या नाकावर फोकस, डोळे मऊ. मामी म्हणाली, "नवा कॅमेरा घेतलास तरी तेच!"

म्हणून आधी तुमचे फसलेले चार-पाच फोटो संगणकावर पूर्ण मोठे करा आणि ते कसे फसलेत ते बघा. फोटोतलं सगळंच, भिंतीवरचं घड्याळसुद्धा, एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हललाय. घड्याळ स्पष्ट आणि पळणारा भाचा तेवढा पुसट असेल तर शटर (उजेड आत सोडणारा पडदा) मंद पडलंय. चेहरा मऊ पण मागच्या पडद्याची वीण मोजता येते, तर फोकस चुकलाय. आणि सगळं स्पष्ट असूनही वर पातळ साय धरल्यासारखी वाटत असेल तर काच मळलीय किंवा समोरून उजेड येतोय. चार आजार, चार औषधं. नवी लेन्स यातल्या फार तर एका-दीडावर उपयोगी पडते.

घरात काढलेल्या फोटोंत पहिले दोन आजार सर्रास. कारण लेन्सवरच लिहिलंय: ३.५-५.६. म्हणजे झूम १८ मिमीवर असताना अ‍ॅपर्चर एफ/३.५ पर्यंत उघडतं, ५५ वर ५.६ च्या पुढे उघडत नाही. झूम शेवटपर्यंत ताणलं की आत येणारा उजेड अडीच पटीने कमी होतो, वर हाताची थरथर मोठी दिसायला लागते. माझे साखरपुड्याचे फोटो ५५ वर, १/१५ सेकंदाला काढलेले होते. तिथे देवाचासुद्धा हात हलला असता. तेव्हा झूम करण्याऐवजी दोन पावलं पुढे जा आणि ३५ च्या आसपास राहा. अगदी १८ वर जाऊन चेहऱ्याजवळ जाऊ नका, नाक भज्यासारखं येतं.

शटरचा जुना हिशेब असा: १ भागिले फोकल लेंग्थ (झूमचा मिमीतला आकडा), तेवढे सेकंद. तुमच्या सेन्सरसाठी (कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चिप) आधी फोकल लेंग्थला १.६ ने गुणायचं, म्हणजे ५५ वर साधारण १/९०. लेन्सच्या नावात आयएस (थरथर सावरणारी सोय) असेल तर त्याहून मंद शटर हातात धरूनही निभतं, पण आयएस फक्त तुमचा हात सावरतो, समोरच्या माणसाचा नाही. बोलणाऱ्या, हसणाऱ्या माणसाला १/१२५ तरी हवं, पोरांना १/२५० किंवा त्याहून जास्त. डायल 'टीव्ही'वर ठेवा (दूरदर्शनशी संबंध नाही, शटर आपण ठरवायचं असा तो मोड), १/१२५ लावा, आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. आयएसओ १६०० किंवा ३२०० गेला तर जाऊ दे. दाणे दिसतात म्हणून मी दोन वर्षं आयएसओ ४०० च्या वर नेत नव्हतो, शुद्ध मूर्खपणा. दाणेदार फोटो अल्बममध्ये लागतो, हललेला लागत नाही.

फोकसचं थोडक्यात: १५००डी मध्ये नऊ बिंदू आहेत आणि कॅमेऱ्यावर सोडलं तर तो बहुतेक वेळा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो. म्हणजे ताटातलं निरांजन शार्प, ओवाळणारी आई मऊ. फक्त मधला बिंदू निवडा, सगळ्यात भरवशाचा तोच, आणि तो डोळ्यावर ठेवा. न हलणारी वस्तू असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघत) १० पट मोठं करून हाताने फोकस लावा. आणि व्ह्यूफाइंडरमधूनच (डोळा लावायच्या खिडकीतूनच) धूसर दिसत असेल तर शेजारची बारीक चकती फिरवून तुमच्या डोळ्याच्या नंबराला जुळवा. फोटोवर त्याचा परिणाम होत नाही, पण तुमचा गोंधळ थांबतो.

आता लेन्सचा खरा दोष. तो आहेच, खोटं कशाला बोलू. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला कोपरे मऊ येतात. एफ/८ ला ही स्वस्तातली लेन्सही चकित करते. पण मग एफ/२२ अजून चांगलं असेल असं समजू नका. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश कडेवरून वळून पसरतो. एफ/२२ ला एका बिंदूचा ठिपका जवळपास ३० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो आणि तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल चार मायक्रॉनपेक्षाही लहान आहे. किल्ल्यावरून दरीचे फोटो काढताना 'सगळं शार्प यावं' म्हणून २२ लावणारे मी पुष्कळ बघितलेत. ८ किंवा ११ वर थांबा. आणि उन्हाळ्यात दुपारी बारानंतर पलीकडच्या डोंगराचा फोटो कुठल्याच लेन्सने शार्प येत नाही, तापलेली हवाच थरथरत असते. सकाळी लवकर जा.

स्वतः बघायचं असेल तर रविवारच्या वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला सपाट चिकटवा. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर पुस्तकं रचा, आयएसचं बटण बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा, आणि ५.६, ८, ११, २२ वर एकेक फोटो घ्या. अर्ध्या तासाचं काम. एफ/८ लाही पानाची एकच बाजू पुसट येत असेल तर आधी कॅमेरा भिंतीशी तिरका नाही ना ते तपासा. तो सरळ असेल तर लेन्सच्या आतली काच सरकलेली असू शकते. वॉरंटीत दाखवा.

साय धरलेल्या फोटोंसाठी पुढचा फिल्टर काढून बघा. मला दुकानदाराने 'फुकट' दिलेला यूव्ही फिल्टर म्हणजे खिडकीची काच होती. तो काढला त्या दिवशी दिव्यांभोवतीची भुतं गेली. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात राहत असाल तर, लेन्स कपाटातल्या चामडी बॅगेत ठेवू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात.

मोबाईलशी तुलना मात्र सोडा. तो एका क्षणात अनेक फोटो घेऊन जोडतो आणि वर भरपूर शार्पनिंग चोपडतो. तुमच्या कॅमेऱ्यातही पिक्चर स्टाइलमध्ये शार्पनेस एक-दोन घरं वाढवता येतो, किंवा रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढून नंतर संगणकावर स्वतः वाढवा.

हे सगळं करून महिनाभराने फक्त रात्रीचे, घरातले फोटोच अडत असतील तर ५० मिमी खुशाल घ्या. किट लेन्स ५५ वर जेवढा उजेड घेते त्याच्या नऊ पटींहून जास्त ती घेते. तिला आयएस नसतो, त्यामुळे १/१२५ चा नियम तिथेही राहील. आणि तुमच्या कॅमेऱ्यावर ती ८० मिमीसारखी (५० गुणिले १.६) वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. घ्यायच्या आधी किट लेन्स ५० वर लावून आपल्या हॉलमध्ये उभे राहून बघा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत माझी पाठ फ्रिजला टेकते आणि तरी दोनच माणसं मावतात.