आंबा घाटात स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग ढिलं वाटतं, पॉलीयुरेथेन बुश (सस्पेन्शनच्या सांध्यात रबराऐवजी बसणारे कडक पॉलीचे गादीसारखे तुकडे) टाकू का?

टाका, पण आधी टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट (चाकाला स्टिअरिंग आणि सस्पेन्शनशी जोडणारे सांधे) चेक करा, तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर बुशने काही होणार नाही. सुरुवात लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि स्टिअरिंग रॅकच्या (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा भाग) बुशपासून करा, कारण वळणावर जुनं रबर दबतं, चाकाचा टो (चाक आत-बाहेर किती वळलेलं आहे तो कोन) बदलतो आणि गाडी उशिरा वळल्यासारखी वाटते, पॉली कमी दबतं म्हणून फील मस्त सुधारतो. धक्के आणि आवाज थोडे वाढतील, रोजच्या वापराला रेसवालं कडक ग्रेड अजिबात घेऊ नका. सिलिकॉन ग्रीसच लावा, नाहीतर कुरकुर सुरू. आणि हो, आपल्या किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेने बोल्ट बुशच्या धातूच्या स्लीव्हमध्येच (नळीत) गंजून बसतात, आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नंतर चाकांचं अलाइनमेंट मस्ट.