सकाळी पोराला काय द्यायचं, सांगते
अगं, पोर खात नाही म्हणून चहा-बिस्किटावर शाळेत धाडू नकोस, माझ्या मोठ्याचं तेच चालायचं आणि दहा वाजेपर्यंत डोकं दुखतं म्हणून रडायचा. रात्रीच नाचणी भिजत घाल, सकाळी मिक्सरला वाटून गाळून घे, गूळ, चिमूटभर मीठ, नारळाचा रस घालून मंद आचेवर ढवळत राहा, हात थांबवलास की तळाला लागते, चकाकी आली की तिजान, म्हणजे आपली नाचणीची गोड पेज, तयार. 100 ग्रॅम नाचणीत 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं गं! नाहीतर पदेराचा, म्हणजे गोव्यातल्या आपल्या दारोदार येणाऱ्या पाववाल्याचा, भोंपू वाजला की गरम पोय घे, मैद्याच्या पावापेक्षा कोंड्याची पोय कधीही बरी, सोबत आळसांद्याची, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची, पातळ भाजी. आणि तू पण बस त्याच्यासोबत खायला, उभ्या उभ्या डबे भरत राहू नकोस.